आधी क्वार्टरचं छप्पर बघा

‘हल्लीच्या डॉक्टरांत सेवाभाव उरला नाही.’ मेळघाटातून बालमृत्यूची बातमी आली, की हे वाक्य ठरलेलं. मला ते पटत नाही आणि त्याचा रागही येतो.

मेळघाटातल्या धारणी तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागचं डॉक्टरचं क्वार्टर मी पाहिलं आहे. ऐन श्रावणात स्वयंपाकघरात गळतीखाली दोन बादल्या आणि एक पातेलं मांडलेलं. दाराची कडी तुटलेली, म्हणून ती सुतळीने बांधलेली. नव्याने रुजू झालेली डॉक्टर मुलगी रात्री बाळंतपणासाठी उठली, की हातात बॅटरी घेऊन चिखल तुडवत केंद्रात जायची. तिला कोरकू भाषा येत नव्हती. पेशंट काय सांगतेय ते आशाताईंकडून समजून घ्यायची. अडलेल्या बाईला अमरावतीला रेफर करायचं, तर धारणीपासूनच सुमारे दीडशे किलोमीटर घाटरस्ता. सल्ला विचारावा असा दुसरा डॉक्टर जवळपास नव्हता. आठ महिन्यांनी ती गेली. तिला सेवाभाव नव्हता असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

यावर दाखले दिले जातात, ते १९७३ पासूनच्या हेमलकशातल्या आमटे दांपत्याच्या आणि १९८६ पासूनच्या गडचिरोलीतल्या बंग दांपत्याच्या कामाचे. दाखले खरे आहेत, पण ते अर्धेच सांगितले जातात. ही माणसं जोडीने राहिली. त्यांनी भोवती सहकारी जमवले, आणि काय करायचं, कुणाला शिकवायचं हे स्वतः ठरवलं. सरकारी डॉक्टरच्या वाट्याला यातलं काय येतं? त्याला एकट्याला पाठवायचं आणि त्याच्याकडून बाबा आमट्यांच्या घराण्याची अपेक्षा करायची, हा अन्याय आहे.

दुसरा उपाय सुचवला जातो तो बाँड कडक करण्याचा. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याला महाराष्ट्रात एक वर्षाची सेवा सक्तीची आहे. बाँडने खुर्ची वर्षभर भरते, हे मान्य. पण मन नीट-पीजीच्या पुस्तकात अडकलेलं असतं, आणि गावाची ओळख होते न होते तोच निरोपाची वेळ येते. दरवर्षी नवा चेहरा दिसला, तर बाई पहिल्यांदा भूमका म्हणजे गावच्या वैदूकडेच जाणार. तिला दोष देता येत नाही.

टिकतं कोण, याचं उत्तर गडचिरोलीने केव्हाच दिलं आहे. बंगांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेतल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. छत्तीसगडने २००१ मध्ये ग्रामीण भागासाठी तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम काढला. ‘आदिवासींना दुय्यम डॉक्टर का?’ असा विरोध झाला आणि अभ्यासक्रम बंद पडला. पण त्यातून बाहेर पडलेल्यांना तपासलं, तेव्हा नेहमीच्या आजारांत ते एमबीबीएसच्या बरोबरीने उतरले. आणि जिथे आज कुणीच नाही, तिथे दुय्यम कुणाच्या तुलनेत?

म्हणून माझं मागणं साधं आहे. कोरकू, माडिया अशा आदिवासी मुलींना नर्सिंगला आणि डॉक्टरकीला हात धरून न्या. केंद्रात एकाऐवजी दोन डॉक्टर द्या. क्वार्टर दुरुस्त करा, पगार वेळेवर द्या, आणि ठरलेल्या वर्षांनंतर बदली नक्की होईल असं लेखी द्या.

त्याच केंद्रात एक कोरकू नर्सबाई आहे. नऊ वर्षांत तिच्यासमोर किती डॉक्टर आले आणि गेले, ते ती बोटांवर मोजून सांगते. ती अजून कंत्राटीच आहे.