पाच-दहाचा बाजार

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पनवेलहून कळंबोलीकडे निघालं की खांबाखांबावर फ्लेक्स लटकलेले दिसतात. खाकी वर्दीतला हसरा मुलगा, मागे तिरंगा आणि खाली ठळक अक्षरांत वचन: तीस दिवसांत सोळाशे आउट ऑफ. हे वचन खोटं आहे. छापणाऱ्याला ते खोटं असल्याचं पक्कं ठाऊक आहे आणि ज्या आईने गळ्यातलं गहाण टाकून अकॅडमीची फी भरली, तिला ते ठाऊक नाही. या व्यवहाराला मी सरळ फसवणूक म्हणतो.

भरतीच्या वाटेला न गेलेल्यांसाठी आधी हिशेब मांडतो. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत शारीरिक चाचणीला, म्हणजे पोरांच्या भाषेत ग्राउंडला, 50 गुण असतात. धावण्याच्या 1600 मीटरला 20, शंभर मीटरला 15, गोळाफेकीला 15. लेखी परीक्षा 100 गुणांची. सोळाशे म्हणजे मैलाला जेमतेम नऊ मीटर कमी. मुलाने ते 5 मिनिटं 10 सेकंदांत संपवलं तर 20 पैकी 20, म्हणजेच आउट ऑफ. पुढे वीस-वीस सेकंदांच्या टप्प्याने दोन-दोन गुण उतरतात: 5:30 पर्यंत 18, 5:50 पर्यंत 16, 6:10 पर्यंत 14, 6:30 पर्यंत 12, 6:50 पर्यंत 10. तिथून मात्र कडा तुटतो. 6:50 ओलांडलं की थेट 5 आणि 7:10 ओलांडलं की शून्य. मुलींना 800 मीटर, त्यांचं आउट ऑफ 2:50 ला.

हा तक्ता काही गुपित नाही, प्रत्येक मुलाच्या मोबाइलमध्ये आहे. पण त्याची फक्त पहिली ओळ वाचायची सवय त्यांना लावली गेली आहे.

मी क्रीडाशिक्षक होतो. निवृत्तीनंतर पहाटे कळंबोली-कामोठ्याकडची मुलं पळतात तिथे स्टॉपवॉच घेऊन उभा राहतो. कुणी बीडचा, कुणी जालन्याचा, कुणी आमच्याच रायगडातला. चौघा-पाचजणांत एक खोली आणि खिशात पैसा नाही. तळोजा एमआयडीसीत रात्रपाळी करून थेट पळायला येणारेही आहेत. नवी मुंबई पोलिसांचं मुख्यालय इथेच रोडपालीत असल्याने भरती जाहीर झाली की या भागातल्या खोल्यांचं भाडंही वाढतं. यातल्या कुठल्याही मुलाला विचारा, "तुझं टार्गेट काय?" डोळा न लवता उत्तर येतं, "पाच-दहा, सर." मग विचारा, "आजचं टायमिंग काय?" की मान खाली जाते. पुष्कळांना ते खरोखरच माहीत नसतं. ज्या रस्त्यावर ते पळतात त्याचे सोळाशे मीटर कुणीतरी मोटरसायकलच्या काट्यावर मोजलेले असतात, नाहीतर मोबाइलवरच्या अॅपने. त्या रस्त्यावर 5:25 घेणारा मुलगा मोजलेल्या चारशे मीटरच्या ट्रॅकवर उभा केला की 5:50 ला येतो आणि त्याला वाटतं आज आपल्यालाच काहीतरी झालं. त्याला काही झालेलं नसतं, त्याचा रस्ता आखूड होता. आणि हे त्याच्या सरांनी त्याला कधी सांगितलेलं नसतं, कारण आखूड रस्त्यावरचं टायमिंग स्टेटसला टाकायला बरं दिसतं.

5:10 साठी चारशेची प्रत्येक फेरी साडेसत्याहत्तर सेकंदांत यावी लागते, ओळीने चार वेळा. अकॅडमीचा सर मैदानाच्या कडेला उभा राहून "सोडू नको, मार, मार!" एवढंच ओरडत असतो. परिणाम काय होतो ते मी घड्याळात पाहतो. मुलगा पहिली फेरी 68 ला काढतो, बघणारे टाळ्या वाजवतात. दुसरी 82. तिसरीत खांदे कानाला लागतात, बरगडीखाली चमक निघते, हात आडवे फिरू लागतात आणि घड्याळ 97 दाखवतं. चौथी फेरी नुसती फरपट, 99. बेरीज 5:46, गुण 16. हाच मुलगा, याच फुप्फुसांनी आणि याच पायांनी पहिली फेरी 82 ला धरून निघाला असता तर 5:30 च्या आत येऊन 18 घेऊन गेला असता. त्याचे दोन गुण आळसाने गेले नाहीत. 5:10 चं भूत पहिल्या फेरीत मानगुटीवर बसलं, म्हणून गेले.

लक्ष्य ठरवायची रीत साधी आहे. विश्रांती घेतलेल्या दिवशी, मोजलेल्या ट्रॅकवर, एकट्याने पळून एकदा खरं टायमिंग घ्यायचं. मग तक्त्यात आपण कुठल्या टप्प्यावर आहोत ते पाहायचं आणि त्याच्या वरच्या टप्प्याची कड धरायची. भरतीच्या दिवशी घोळक्यात अडकायला होतं, जमीन ओली असते, पहाटेपासून रांगेत ताटकळलेलं असतं, म्हणून चार-पाच सेकंद हातचे राखायचे. तो टप्पा सलग दोन-तीनदा सर झाला की मगच पुढचा. ज्याचं आजचं टायमिंग 7:05 आहे त्याचं पहिलं लक्ष्य 6:45. त्या वीस सेकंदांत 5 चे 10 गुण होतात. नापास व्हायची भीती नसलेल्या वरच्या कुठल्याही टप्प्यात एवढा लाभ नाही. शिवाय ग्राउंडमध्ये 50 पैकी 25 आल्याशिवाय लेखीचं दारच उघडत नाही, त्यामुळे या मुलासाठी हे पाच गुण म्हणजे सगळी भरती आहे. आणि नेमक्या याच मुलाला अकॅडमीत पहिल्या दिवशी 5:10 चा गट देतात. तो तिसऱ्या आठवड्यात नडगी धरून बसतो, चौथ्या आठवड्यात गावी जातो. फी परत मिळत नाही.

व्याख्यानांचा ताप तर वेगळाच. दर रविवारी कुणीतरी वक्ता येतो आणि रॉजर बॅनिस्टरची गोष्ट सांगतो: चार मिनिटांत मैल अशक्य आहे असं जग म्हणत होतं, 6 मे 1954 ला ऑक्सफर्डला त्याने 3:59.4 मध्ये तो पार केला आणि मनातली भिंत पडताच वर्षभरात कितीतरी जणांनी तो विक्रम मोडला. म्हणून, मुलांनो, सगळं मनात असतं! पहिली अर्धी गोष्ट खरी, उरलेली थाप. त्यानंतरच्या वर्षभरात बॅनिस्टरखेरीज चार मिनिटांच्या आत मैल धावला तो एकटा जॉन लँडी, आणि तो तर आधीपासूनच त्या उंबऱ्यावर होता. बॅनिस्टरचंही मनाने झालं नाही. 1945 पासून जगाचा विक्रम गुंडर हेगच्या 4:01.4 वर अडला होता आणि 1953 मध्येच बॅनिस्टर 4:03.6 पर्यंत आला होता. म्हणजे त्याचं लक्ष्य त्याच्या स्वतःच्या घड्याळापासून चार-पाच सेकंदांवर होतं. सरावात तो पाव मैलाच्या दहा फेऱ्या, मधे दोन-दोन मिनिटं थांबून, महिनोन्महिने काढायचा. त्या 66 सेकंदांवरून 61 वर आल्या आणि तिथेच थबकल्या. तेव्हा त्याने जोर वाढवला नाही. तो धावणं सोडून मित्राबरोबर स्कॉटलंडला डोंगर चढायला गेला आणि परत आल्यावर 59 ला धावला. वक्त्यांनी मुलांना सांगायची गोष्ट ही आहे. पण यात तीस दिवसांचं पॅकेज बसत नाही.

इतक्या लांब तरी कशाला जायचं? बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि खरा धावपटू तिथे घडला. 2018 मध्ये त्याने 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 8:29.80 अशी वेळ देऊन गोपाळ सैनींचा 1981 चा राष्ट्रीय विक्रम मोडला. मग टोकियो ऑलिम्पिकला 8:18.12, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदकासह 8:11.20 आणि जुलै 2024 मध्ये पॅरिसला 8:09.91. सहा वर्षं, परदेशातले सराव, पूर्णवेळ प्रशिक्षक, मोजूनमापून आहार. एवढ्या सगळ्यातून देशाच्या सर्वोत्तम धावपटूने वीस सेकंद खाली आणले, तेही सोळाशेच्या जवळपास दुप्पट अंतरात. आणि तुम्ही रात्रपाळीच्या, वडापाववर जगणाऱ्या पोराला महिन्यात नव्वद सेकंद कमी करून देणार? नवशिक्याचं टायमिंग सुरुवातीला भराभर उतरतं हे मान्य आहे. 7:30 चा मुलगा नीट सरावाने काही महिन्यांत साडेसहावर येतो, हे मी पाहिलं आहे. पण सहाच्या खाली प्रत्येक सेकंद महाग होत जातो आणि साडेपाचच्या खाली तो शरीर सोसेल त्याच वेगाने मिळतो.

शरीराने सोसलं नाही की काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. जून 2014 मध्ये मुंबई पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना कोसळून किमान चार तरुण गेले. त्यानंतर पोलीस शिपाई भरतीतलं अंतर कमी झालं. जून 2024 मध्ये ठाणे जिल्ह्यात राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीत पुन्हा पाच किलोमीटरच्या धावेत एक तरुण दगावला. उकाडा, उपाशी पोट, रात्रभरचा प्रवास या गोष्टी होत्याच. पण छातीत दुखू लागल्यावर थांबायचं असतं, हे या मुलांना कुणी शिकवतं का? त्यांना शिकवलं जातं की थांबतो तो हरतो. मग भरतीच्या दिवसांत उत्तेजक इंजेक्शनांच्या बातम्या येतात तेव्हा कुणी आश्चर्याचा आव आणू नये. आवाक्याबाहेरचं टायमिंग डोक्यावर ठेवल्यावर पोरगा औषधाच्या दुकानाकडेच वळणार.

आवाक्यातलं लक्ष्य धरा म्हटलं की मुलं मला हमखास एक प्रश्न विचारतात आणि तो खोटा नाही. "सर, तुम्ही सहा-दहा म्हणता, पण मेरिट वर गेलं तर?" 2024 च्या भरतीला 17,471 जागांसाठी साडेसतरा लाखांवर अर्ज आले होते. ग्राउंडमधून जागेच्या दहापट मुलंच लेखीला बोलावतात, त्यामुळे एकेका गुणावर शेकडो उभे असतात हे खरं. मग ज्या गुणांचा भाव कमी आहे ते आधी विकत घ्या. 7.26 किलोचा गोळा साडेआठ मीटर गेला की 15 पैकी 15. त्यात ताकदीइतकंच तंत्र लागतं आणि पाय, कंबर, खांदा यांचा क्रम बसला की काही आठवड्यांत गोळा मीटरभर पुढे पडतो. तरी दहातली आठ मुलं गोळ्याला आठवड्यातून एकदा हात लावतात. लेखीच्या शंभर गुणांत गणित आणि बुद्धिमत्तेचे सहा गुण वाढवणं हे सोळाशे 6:10 वरून 5:10 वर आणण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. गुण दोन्हीकडे सहाच. मुलगा मात्र दिवसाचे चार तास पायांवर आणि अर्धा तास पुस्तकावर घालवतो, कारण फ्लेक्सवर गणिताचा फोटो नसतो.

खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा 28. भरती दरवर्षी निघेलच असं नाही. म्हणजे एका मुलाच्या हातात मोजक्याच संधी असतात आणि त्यातली एक हे अकॅडमीवाले नडगीच्या दुखण्यात घालवतात. त्यांच्यावर कुणाचा धाक नाही. अकॅडमी काढायला ना प्रशिक्षकाचं शिक्षण विचारलं जातं, ना दवाखान्याशी संबंध. एक शिट्टी, एक भोंगा आणि एक फ्लेक्स एवढं भांडवल पुरतं.

माझी मागणी एवढीच. प्रत्येक अकॅडमीने दारावर फलक लावावा: मुलगा आला त्या दिवशी मोजलेल्या ट्रॅकवर त्याचं टायमिंग किती होतं, तीन महिन्यांनी किती झालं आणि मध्येच सोडून किती गेले. नावं नकोत, आकडे हवेत. निवड झालेल्या चौघांचे फोटो तर सगळेच लावतात. पनवेलमधल्या आईबापांनी फीची पावती घेण्याआधी हा फलक मागावा, आणि तो दाखवायला जो सर कां-कूं करेल त्याच्याकडे पोराला एक दिवसही पाठवू नये.