ऑफ तासाची कैफियत

महाविद्यालयाच्या सूचना फलकावर वर्षभरात शेकडो कागद लागतात. परीक्षा-अर्जाच्या तारखा, शिष्यवृत्तीच्या याद्या, वक्तृत्व स्पर्धेचे निकाल. पण पाहताक्षणी विद्यार्थ्याचा चेहरा खुलवणारा कागद एकच, आणि तो बहुधा सर्वांत लहान असतो : 'आज दुपारचा तास होणार नाही.' गुरुजनांनी राग मानू नये. त्यांच्याविषयी आम्हांला आदर आहे; पण आनंद तो आनंद!

गंमत अशी की, हा आनंद पाच मिनिटांपलीकडे टिकत नाही. काही जण कॅन्टीनमध्ये एका चहात तिघे बसतात, काही जिन्याच्या पायरीवर मोबाइलमध्ये मान घालतात आणि माझ्यासारखे बाहेरगावाहून येणारे सरळ स्टँड गाठतात. दुसऱ्या दिवशी कोणी विचारलेच, "काल काय केलंस रे?" तर उत्तर ठरलेले : "काही नाही, टाइमपास." या 'काही नाही'बद्दल माझी तक्रार आहे, आणि ती वाचकांच्या न्यायालयात मांडण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आपल्या भाषेत कामाला प्रतिष्ठा आहे, रिकामपणाला नाही. रिकामटेकडा, उनाड, उडाणटप्पू अशी शेलकी विशेषणे आपण रिकाम्या माणसासाठी राखून ठेवली आहेत. 'सवड' हा केवढा सुंदर शब्द! पण तो आपण वापरतो नकारासाठीच : 'सवड नाही.' जणू सवड नसणे हेच मोठेपणाचे लक्षण. आता दुसरी बाजू पाहा. ज्या 'स्कूल' शब्दाने आपण शिक्षणाची सुरुवात करतो, त्याचे मूळ 'स्खोले' या ग्रीक शब्दात आहे, आणि त्या शब्दाचा अर्थ आहे फुरसत! पोटापाण्याच्या धावपळीतून मोकळा झालेला, विचाराला आणि चर्चेला दिलेला वेळ म्हणजे शिक्षण, अशी ती कल्पना. म्हणजे शब्दाच्या कुळाचाच विचार केला तर ऑफ तास हा वेळापत्रकातला खड्डा नसून वेळापत्रकाचा आजोबा ठरतो.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. ते आले एक एस.टी. चुकल्यामुळे.

मी तेव्हा द्वितीय वर्षात होतो. दिंडोरी तालुक्यातील माझ्या गावाहून दोन वर्षे रोज ये-जा चालली होती. या दोन वर्षांत माझे नाशिक म्हणजे स्टँड ते कॉलेज आणि कॉलेज ते स्टँड. बाकीचे शहर आपले नाही, त्यात पाऊल टाकले की पैसे लागतात, अशी एक मुकी समजूत मनात होती. पावसाळ्यातील एका बुधवारी दुपारचा तास झाला नाही, धावत स्टँडवर गेलो तर डोळ्यांसमोरून गाडी निघून गेली. पुढची गाडी तीन तासांनी. खिशात शंभराची एक नोट. बाकड्यावर अर्धा तास बसलो आणि कंटाळून उठलो. शालिमारवरून मेन रोड, तेथून भांडी बाजार असा माणसांच्या लोंढ्याबरोबर वाहत वाहत नदीवर जाऊन पोहोचलो. नाशिककर गोदावरीला 'गंगा' म्हणतात आणि नदीवर जाण्याला 'गंगेवर जाणे' म्हणतात, हेदेखील मला त्याच दिवशी नीट कळले.

बुधवारचा आठवडे बाजार भरला होता. धरणातून पाणी सोडलेले असल्यामुळे नदी गढूळ होऊन फुगली होती. त्या पाण्यात शेंदरी रंगाचा एक प्रचंड मारुती निवांत उभा होता. भाजी विकणाऱ्या एका बाईंना मी विचारले, "मावशी, हा मारुती पाण्यात कसा?" त्या हसल्या. "दुतोंड्या मारुती हाय तो. आमचं घड्याळच म्हण ना, बाळा. पायाला पाणी लागलं की सावध व्हायचं, गुडघ्यापर्यंत आलं की पाल गुंडाळायचं." भूगोलाच्या परीक्षेसाठी पूरपातळी मोजण्याच्या पद्धती मी पाठ केल्या होत्या. पण सारे शहर एका मूर्तीच्या गुडघ्या-कमरेवरून, छाती-गळ्यावरून पूर मोजते, ही गोष्ट मला दोन वर्षांत कोणी सांगितली नव्हती. आणि सांगणार तरी कोण? मी कोणाला विचारण्याच्या जागी कधी उभाच राहिलो नव्हतो.

भूक लागली म्हणून वर जुन्या गावात आलो आणि एका लहानशा हॉटेलात शिरलो. जागा नव्हती, म्हणून पोऱ्याने मला तिघे बसलेल्या टेबलावर चौथा बसवला. एक हमाल, एक सराफी कारागीर, एक पेन्शनर आजोबा आणि मी. मिसळ आली. ताटलीत मोड आलेल्या मटकीची उसळ, वर शेव, बारीक चिरलेला कांदा आणि कोथिंबीर. बाजूला पापड, लिंबाची फोड, पाव आणि वाटीत वेगळा लालभडक रस्सा. मी वाटी उपडी करणार तोच आजोबांनी हात धरला. "अरे, एकदम ओतू नकोस. शेव मऊ पडते. थोडा थोडा घे. आणि संपला तर मागून घे, लाजू नकोस. रश्श्याचे पैसे पडत नाहीत इथे." मी दोनदा रस्सा मागितला. घाम पुसत पुसत चौघांनीही एकमेकांकडे पाहून मान डोलावली. ओळखपाळख नसलेल्या माणसांत इतका सलोखा मी परीक्षागृहाच्या बाहेर क्वचितच पाहिला आहे.

मग आजोबांनी माझी उलटतपासणी घेतली. गाव कोणते, कॉलेज कोणते, विषय कोणता. "गंगेवर जाऊन आलास, मग नारोशंकराची घंटा पाहिलीस का?" मी नाही म्हणालो. त्यांनी कपाळाला हात लावला. वसईला १७३९ साली पोर्तुगीजांवर मराठ्यांनी विजय मिळवला, त्याची खूण म्हणून ओळखली जाणारी ती घंटा. आणि नारोशंकरांचे ते मंदिर १७४७ सालचे. इतिहासाच्या पेपरात वसईच्या मोहिमेवर मी टीप लिहिली होती. त्या टिपेतला एक तुकडा कॉलेजपासून काही मैलांवर टांगलेला होता आणि मला पत्ता नव्हता! "बरं, तिवंधा चौकातून आलास ना? मग तुझ्या पायाखाली रहाड होती," आजोबा म्हणाले. मला शब्दच कळला नाही. पेशवेकाळापासून नाशिकच्या काही चौकांत रंगाचे मोठे हौद आहेत; त्यांना रहाड म्हणतात. वर्षभर त्यांवर लाकडे टाकून, माती पसरून त्या बुजवलेल्या असतात. लोक वरून चालतात, गाड्या धावतात. रंगपंचमीला रहाड उघडायची, पूजा करायची, फुलांपासून केलेला रंग त्यात भरायचा आणि मग एकेकाने वरून धप्पा मारायचा. प्रत्येक रहाडीचा रंग वेगळा. उडी मारायला ना तिकीट, ना पास.

तीन तास संपले. मिसळ आणि चहाचे पैसे देऊनही नोटेतले थोडे उरले. पण त्या दिवशी एस.टी.त बसलेला मी सकाळचा मी नव्हतो. शहर मला परके राहिले नव्हते.

यावर कोणी म्हणेल, हा झाला तुझा अनुभव. यात वादाचा मुद्दा कोणता? मुद्दा असा की, फुरसत ही चैन आहे हा समज खोटा आहे. ती मागून, झगडून मिळवलेली गोष्ट आहे. एकेकाळी मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. आज सातपूर-अंबडच्या कारखान्यांतला कामगार रविवारी सकाळी मुलाला घेऊन मिसळ खायला जातो, तेव्हा त्या ताटलीमागे लोखंड्यांची पुण्याई असते. पुढे १९३२ साली बर्ट्रांड रसेल यांनी आळसाचे गुणगान करणारा निबंध लिहिला आणि दिवसाला चार तास काम पुरे, असा विचार मांडला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात तर विश्रांती आणि फुरसत यांना हक्क म्हणूनच स्थान मिळाले. आपण मात्र त्या हक्काला 'टाइमपास' म्हणतो आणि ओशाळतो.

दुसरा मुद्दा अधिक काळजीचा आहे. मिळवलेली ही फुरसत आता हळूहळू विकत घेण्याची वस्तू होत आहे. मिसळीचेच पाहा. गावाबाहेर, मळ्याच्या कडेला, झाडाखाली बाजा टाकून मिसळ देणारी ठिकाणे नाशिकच्या चहूबाजूंना निघाली आहेत. चवीबद्दल माझी तक्रार नाही. दोन-तीन ठिकाणी मीही मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून जाऊन आलो आहे. पण ज्याच्याकडे वाहन नाही, त्याने तेथे जायचे कसे? आणि तेथे प्रत्येक कुटुंबाची बाज वेगळी. हमाल, कारागीर, पेन्शनर आणि विद्यार्थी एका टेबलावर येण्याची सोय तेथे नाही. पदार्थ तोच राहिला, पण त्याच्याभोवतीची माणसे निवडक झाली.

आपल्या आधीच्या नाशिककरांनी विरंगुळ्याचा विचार असा केला नव्हता. सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० ची. नावातच 'सार्वजनिक' आहे. मे महिन्यात गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते. ज्याला यायचे त्याने यावे, बसावे, ऐकावे. रहाडीची गोष्ट तर वर आलीच. वाचन, ऐकणे, रंगात न्हाऊन निघणे, या सगळ्या गोष्टी त्यांनी चारचौघांत आणि चारचौघांसाठी ठेवल्या. त्या ठिकाणी आपण गेलो नाही, तर त्या कोणी बंद पाडण्याची गरजच उरणार नाही. बुजवलेली रहाड पुन्हा उघडते, कारण दरवर्षी ती उघडणारे हात असतात.

आता आक्षेपांकडे वळतो. आमचे एक सर म्हणतील, अभ्यासक्रम पुरा होत नाही आणि तुम्हांला भटकायला हवे? सर, आम्ही तास बुडवायला मागत नाही. जो तास आपोआप रिकामा पडतो, त्याच्याचबद्दल बोलतो आहोत. घरचे म्हणतील, त्या वेळात स्पर्धा परीक्षेचे पुस्तक वाच. तेही वाचू, पण ज्या माणसांवर उद्या अधिकार गाजवायचा, त्यांच्याबरोबर एका टेबलावर कधी मिसळ खाल्ली नसेल, तर तो अधिकारी कसला होणार?

तिसरा आक्षेप मात्र मला निरुत्तर करतो. माझा एक मित्र पेठकडचा आहे. सकाळी वर्ग, दुपारपासून रात्रीपर्यंत एका दुकानात काम. हा लेख त्याला वाचून दाखवला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "छान आहे रे. पण मला ऑफ तास म्हणजे झोप." आणि वर्गातल्या एका मैत्रिणीने सांगितले, "तू एकटा घाटावर तीन तास हिंडलास. मी हिंडले असते, तर संध्याकाळी घरी जाब द्यावा लागला असता." दोघांचेही खरे आहे. फुरसत सर्वांना सारखी वाटलेली नाही. ज्यांना तिची गरज अधिक, त्यांच्या वाट्याला ती कमी येते. म्हणूनच हा प्रश्न एकेकट्याच्या आवडीवर सोडून चालणार नाही. मैत्रिणीला एकटीने जाणे अवघड आहे, पण दहा जणींनी मिळून जाणे अवघड नाही. मित्राला रोज सवड नाही, पण महिन्यातून एक दुपार त्याच्यासाठी ठरवता येईल.

माझ्या सूचना अगदी साध्या आहेत. तास होणार नसेल तर शक्य तेव्हा तो कागद आदल्या दिवशी लागावा. म्हणजे काही बेत आखता येईल. महिन्यातून एकदा इतिहास, भूगोल किंवा मराठी विभागाने एक तास चार भिंतींबाहेर घ्यावा. घाट, वाचनालय, जुन्या गल्ल्या, काहीही चालेल. हजेरी तेथेच घ्यावी, म्हणजे घरी जाब देणे सोपे जाईल. आणि या वार्षिकात पुढील वर्षापासून दोन पाने राखून ठेवावीत. 'मला सापडलेले नाशिक' असे त्यांना नाव द्यावे. ज्याला जे दिसले, ते त्याने दहा ओळींत लिहावे. अलंकार नकोत, ठिकाण आणि गोष्ट तेवढी असावी.

हे सारे होईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या बुधवारी शेवटचा तास नाही, असे कळते. मी आणि वर्गातले सात-आठ जण फाटकापासून पायी निघणार आहोत. पेठच्या मित्राने त्या दिवशी दुकानातून दोन तासांची सुटी मागून घेतली आहे. त्याला घंटा पाहायची आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी फाटकाजवळ थांबावे. मिसळीचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे. रस्सा मात्र हवा तेवढा मागावा.