नियम अभेद्य, यंत्र नव्हे

गुप्त संदेशांची किल्ली प्रकाशकणांतून पोहोचवणाऱ्या क्वांटम किल्लीवाटपाबद्दल दोन मते हिरिरीने मांडली जातात. पहिले म्हणते, प्रकाशकण चोरून मोजला की त्याची अवस्था बिघडते, चोर उघडा पडतो. तेव्हा ही पद्धत निसर्गनियमानेच अभेद्य आहे. दुसरे म्हणते, हॅकरांनी तिचे प्रकाशकण टिपणारे डिटेक्टर फसवून दाखवले. तेव्हा सारा खटाटोप फोल आहे. दोघांचीही गफलत एकच. नियम आणि यंत्र यांचा हिशेब दोघेही एकाच वहीत मांडतात.

आधी पहिल्या मताचा समाचार घेऊ. बेनेट आणि ब्रासार यांनी 1984 साली बंगळूरच्या परिषदेत ही पद्धत मांडली, ती आदर्श डिटेक्टर धरून. बाजारातला डिटेक्टर कधी प्रकाश नसताना वाजतो, कधी आलेला कण हुकवतो. 2010 साली नॉर्वेतल्या माकारोव्ह यांच्या गटाने त्याला चक्क आंधळे केले. सतत प्रखर प्रकाश सोडला की डिटेक्टर एकेक कण ओळखणे सोडून देतो आणि ठरावीक मर्यादेपलीकडच्या झोतालाच दाद देतो. मग चोर आपले मोजमाप करून तसाच झोत पुढे पाठवतो. घेणाऱ्याने मोजणीच्या दोन दिशांपैकी चोराचीच निवडली असेल तर झोत अखंड एका डिटेक्टरवर पडतो आणि तो वाजतो. निवड वेगळी असेल तर झोत दोन डिटेक्टरांत विभागला जातो, कोणीच वाजत नाही. चुकांचे प्रमाण वाढतच नाही, मग संशय कशाचा येणार?

यावर कोणी म्हणेल, उपकरणाच्या त्रुटी तर सगळीकडेच असतात. खरे आहे. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या अँटेना आकाश ऐकतात. तिथेही गोंगाट असतो. ओळखीच्या रेडिओस्रोतांवर उपकरणे पारखून तो हिशेबात धरला जातो. पण पल्सार तारा खगोलशास्त्रज्ञाला फसवायला टपलेला नसतो. किल्लीवाटपात येणारा प्रकाशच शत्रूच्या हातात असू शकतो. त्यामुळे सरासरी त्रुटी कळून भागत नाही, मुद्दाम घडवलेली त्रुटी धरावी लागते.

तरीही दुसरे मत टिकत नाही. दोन डिटेक्टरांच्या क्षमतेत फरक असेल तर किती माहिती फुटू शकते याचे गणित मांडता येते आणि तेवढी किल्ली आखडून उरलेली सुरक्षित ठेवता येते. 2012 साली लो, कुर्टी आणि ची यांनी त्याही पुढे जाऊन डिटेक्टरवरचा विश्वासच काढून टाकला. किल्ली हवी असलेले दोघेही मधल्या केंद्राकडे प्रकाश पाठवतात; केंद्र फक्त दोघांच्या स्पंदांतले नाते जाहीर करते, प्रत्यक्ष मूल्ये त्याला कळत नाहीत. डेअरीच्या फॅट मशीनवर भरवसा नसेल तर शेतकरी आधीच तपासलेला नमुना गुपचूप मध्ये सरकवतो. तसे हे दोघे काही मूल्ये आपसांत ताडून केंद्राचा खोटेपणा पकडतात. प्रकाशस्रोत मात्र अजूनही आपल्याच खात्रीचा लागतो, आणि किल्ली तयार होण्याचा वेगही कमी पडतो.

मग 2024 साली अमेरिकेने प्रमाणित केलेली नवी गणिती कुलुपेच का वापरू नयेत? जरूर वापरावीत, संदेश पाठवणारा खरा आहे हे पटवायला क्वांटम पद्धतीलाही गणित लागतेच. पण गणिती कुलपातला मजकूर आज साठवून वीस वर्षांनी फोडला जाऊ शकतो. डिटेक्टरची फसवणूक किल्ली जात असतानाच करावी लागते. ती वेळ टळली की चोराच्या हाती काही उरत नाही. या पद्धतीचे खरे मोल इथे आहे.

2023 साली मंजूर झालेल्या 6,003 कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेत शहराशहरांमध्ये 2,000 किलोमीटर किल्लीवाटपाचे उद्दिष्ट आहे. ही यंत्रे विकत घेणाऱ्या बँकांनी आणि लष्कराने 'भौतिकीची हमी' ऐकून मान डोलावू नये. कोणते हल्ले करून पाहिले, ते कोणी केले आणि काय निघाले, याचा लेखी अहवाल मागावा. तो नसेल तर यंत्र परत पाठवावे.