कच्चें कोण, पक्कें कोण?

ग्रामीण घरबांधणीची चर्चा निघाली म्हणजे ‘पक्कें’ व ‘कच्चें’ हे दोन शब्द मोठ्या आत्मविश्वासानें वापरले जातात. सिमेंटचें तें पक्कें, लाकूडमातीचें तें कच्चें. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेंत गरजू कोण हेंही बव्हंशीं याच भेदावर ठरतें. हा भेद शास्त्राच्या कसोटीस उतरत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

नगर जिल्ह्याचें सरकारी नांव आतां अहिल्यानगर झालें असलें, तरी त्याचें ऊनपाऊस बदललेलें नाहीं. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत या कोरड्या तालुक्यांतील जुनें माळवदाचें घर वाचकांनीं एकदां डोळसपणें पाहावें. दगडी उथळ्यावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. चांगल्या बांधणींत छताचा भार हे खांब वाहतात, भिंत आडोशापुरती. म्हणूनच घराचें माप खणांत सांगत. वैशाखांतल्या दुपारीं अशा घरांत माणूस निजूं शकतो. पत्र्याखालीं निजून पाहावें! शिवाय खांचा पाडून बसविलेले सांधे सोडवितां येतात, आणि आजोबांचा खांब नातवाच्या घरास लागतो. काँक्रीट पाडलें कीं राडारोडा उरतो. पश्चिमेस अकोल्याच्या डोंगरांत पाऊस कोसळतो, तेथें माळवद कुचकामाचें. म्हणून तेथें उतरतें छप्पर आणि शेणमातीनें लिंपलेला कारवीचा कूड. ही विद्या कोणत्याही महाविद्यालयानें शिकविली नव्हती. ‘सस्टेनेबल’ हा शब्द परदेशांतून आल्यावर मात्र आम्हां शिकलेल्यांस ती आठवूं लागली आहे.

प्रतिपक्षाचें ब्रह्मास्त्र म्हणजे किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादकडे जो भूकंप झाला, त्यांत सुमारें ८,००० माणसें गेलीं. तेथील घरेंही अशींच दगडमातीचीं व माळवदाचीं होतीं. तेव्हां हा आक्षेप आम्हांस टाळतां येणार नाहीं. पण माणसें चिरडलीं तीं कशाखालीं? दोन्ही अंगांस दगड रचून मध्यें माती व कपच्या भरलेल्या त्या जाडजूड भिंती होत्या. दोन्ही अंगें बांधून धरणारा आरपार दगड त्यांत नव्हता. छत गळूं नये म्हणून वर मातीवर माती टाकीत गेल्यानें कित्येक ठिकाणीं थर फूट-दोन फूट झाला होता. याउलट, भिंती ढांसळल्या तरी लाकडी सांगाडा उभाच राहिला, असें अनेक घरांत अभियंत्यांस आढळलें. म्हणजे जें वांचलें त्यासच आरोपी ठरवून आपण मोकळे झालों! मातीच्या बांधकामासाठीं भारतीय मानक ब्यूरोनें त्याच वर्षीं भूकंपरोधक नियम प्रसिद्ध केले; ते गवंड्यापर्यंत पोंचविण्याची तसदी मात्र फारशी कोणी घेतली नाहीं.

दुसरा आक्षेप जंगलाचा. केंद्रीय बांधकाम खात्यानें १९९३ सालीं सरकारी इमारतींत लाकूड वर्ज्य केलें. ती बंदी २०२० सालीं उठविली. मधल्या काळांत जें सिमेंट लागलें तें कांहीं आकाशांतून पडलें नाहीं; जगांतील कर्बवायूच्या उत्सर्जनापैकीं सुमारें ७ ते ८ टक्के सिमेंटच्या माथीं आहे. अर्थात नगरच्या उघड्या माळांवर सागाचीं वनें नाहींत, हें आम्ही जाणतों. पण बाभूळ व लिंब बांधावर वाढतात. हिवरे बाजारानें कुऱ्हाडबंदी करून डोंगर हिरवे केले, तें योग्यच झालें. जो गांव झाड राखूं शकतो, तो घरासाठीं झाड लावून, वेळीं तोडून, त्याजागीं दुसरें लावूंही शकेल.

दरम्यान जुन्या वाड्यांचे कोरीव खांब विकले जाऊन शहरी धनिकांच्या फार्महाऊसची शोभा वाढवीत आहेत. तेथें त्यांस कच्चें कोणी म्हणत नाहीं! गरिबानें तेंच लाकूड राखलें तर त्याच्या घरावर शिक्का बसतो. सपाट प्रदेशांत योजनेचें मूळ अनुदान १ लक्ष २० हजार रुपये ठरलें, तें नवें घर बांधणारास. माळवद हलकें करणें, भिंतींत आरपार दगड घालणें, वाळवीनें खाल्लेला खांब बदलणें, यांसाठीं त्यांतून पै मिळत नाहीं. ती मिळावी, आणि खण जोडूं जाणणारे जे थोडे सुतार उरले आहेत त्यांच्या हाताखालीं चार पोरें शिकावींत, एवढीच आमची मागणी आहे.