लिंबू टायरखाली, टायर देवाच्या भरवशावर

गेल्या दसऱ्याला आमच्या दाजींच्या गाडीची पूजा झाली. गाडी धुतली, पुसली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. लिंबं ठेवायला दाजी स्वतः चारदा वाकले. म्हणजे चारदा त्यांचं तोंड टायरपासून हातभर अंतरावर होतं. पण टायर त्यांनी पाहिले नाहीत. मीही नाही पाहिले, मी फोटो काढत होते.

मे महिन्यात त्याच गाडीतून आम्ही देगलूरचं लग्न उरकून नांदेडला परत निघालो. दुपारचे अडीच-तीन वाजलेले. गाडीत पाच मोठी माणसं आणि एक लेकरू, डिकीत आहेराची भांडी आणि बुंदीचा डबा. नरसी मागे पडली, नायगाव आलंच म्हणेपर्यंत डावीकडून फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि गाडी डांबर सोडून थेट शेतात! बांधावरच्या बाभळीच्या जरा अलीकडे थांबली. रस्त्याकडेला कुणी चालत नव्हतं आणि गाडी उलटली नाही, म्हणून मी हे लिहिते आहे. मागे मधोमध बसलेल्या मावशीचा हात मोडला. तिने पट्टा लावला नव्हता, कारण मधला पट्टा नव्या सीट कव्हरखाली गाडला गेला होता.

पाच मिनिटांत माणसं जमली. (आपल्याकडची माणसं मदतीला मात्र धावून येतात, ते मान्यच करायला हवं.) कुणी पाणी दिलं, कुणी मावशीला दवाखान्यात न्यायला गाडी काढली. आणि प्रत्येकजण एकच वाक्य बोलला : काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.

मला या वाक्याचा आता राग येतो. काळबिळ काही आला नव्हता. टायर म्हातारा झाला होता, एवढंच.

हे मला सांगितलं नायगावच्या पंक्चरवाल्याने. स्टेपनी चढवता चढवता त्याने फुटलेला टायर आडवा केला आणि म्हणाला, "ताई, हे चार आकडे वाचा." टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत छापलं होतं : 0816. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे 2016 सालातला आठवा आठवडा. दाजींनी गाडी सेकंडहँड घेतली, पुणे पासिंगची, 2016 ची. टायर कंपनीतून आले तेच होते! त्या आठवड्यात जन्मलेलं पोर आता चौथी-पाचवीत असेल. बाहेरून बघितलं तर नक्षी दिसत होती, पण आतली कड पार गोटा झालेली. खड्ड्यांत आपटून अलाइनमेंट गेली की टायर एकाच बाजूने झिजतो आणि उभ्या माणसाला ते दिसत नाही. वाकावं लागतं.

आता दाजी काही कंजूस नाहीत. गाडी घेतल्यापासून त्यांनी केलेला खर्च मला पाठ आहे : सीट कव्हर 7,500, म्युझिक सिस्टीम 14,000, पुढचं लोखंडी गार्ड 6,000. चार नवे टायर त्या वेळी 18,000 ला बसत होते. ते "पुढच्या वर्षी बघू" होते. का? "पळूलालीय की चांगली!" म्हणून.

माझं भांडण या वाक्याशी आहे, दाजींशी नाही. आपल्याकडे जे चारचौघांत दिसतं त्यावर खर्च करायचा आणि जे गाडीखाली लपलेलं आहे तिथे काटकसर करायची, आणि वर त्या काटकसरीला शहाणपण म्हणायचं. ही काटकसर नाहीच, ही उधारी आहे. घेतो पुढे स्टिअरिंगवर बसलेला माणूस, आणि फेडतात मागे बसलेली म्हातारी माणसं, बायका, लेकरं. त्यांना कुणी विचारलेलंही नसतं. मी एकदा टायरचा विषय काढला होता तर "तुला काय कळतंय गाडीतलं" असं उत्तर मिळालं. मावशीने तर कधी विचारलंच नसतं.

त्या लोखंडी गार्डाबद्दल तर बोलायलाच हवं. केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवलंय की असं गार्ड लावणं मोटार वाहन कायद्याच्या विरुद्ध आहे. गाडीचा पुढचा भाग धडकेत चेपला जावा म्हणूनच बनवलेला असतो. धक्का तो खातो म्हणून माणसाला कमी बसतो. गार्ड लावलं की धक्का सरळ चासीवर जातो आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही बिघडू शकतं. म्हणजे आपण पैसे मोजून गाडी जास्त धोक्याची करून घेतली, आणि रुबाब वाढला म्हणून खूश!

यावर नातेवाईक काय म्हणतील ते मला माहीत आहे. पहिलं म्हणजे, "रस्ते बघ ना आपले." बघितलेत. रस्ते वाईट आहेतच आणि त्यासाठी सरकारला शिव्या द्यायला मी तुमच्याबरोबर येते. पण रस्ता वाईट असेल तर टायर आणि ब्रेक जास्त चांगले हवेत की कमी? चिखलात जायचंय म्हणून कुणी फाटकी चप्पल घालतं का?

दुसरं, "सर्व्हिसिंगवाले लुटतात." यात तथ्य आहे. माझ्या स्वतःच्या गाडीच्या बिलात एका सर्व्हिस सेंटरने (नाव नको) मी न सांगितलेलं इंजिन फ्लशिंग आणि एसीचं फवारणीकाम लावलं होतं, भांडून काढायला लावलं. पण लुटतात म्हणून तिकडे फिरकायचंच नाही हा उपाय कसा? गाडीबरोबर पुस्तक येतं, त्यात किती किलोमीटरला काय बदलायचं ते लिहिलेलं असतं. ते वाचून गेलात तर लुटणं अवघड होतं. गावातल्या गॅरेजलाही तेच पुस्तक दाखवता येतं. पण ते पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत तसंच पडून असतं, गणपतीच्या स्टिकरबरोबर.

तिसरं म्हणजे पारावरचं ज्ञान. "उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, गरम होऊन फुगते." हे मी निदान दहा शहाण्या माणसांकडून ऐकलंय. आणि हे साफ उलटं आहे! हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, दबून दबून तापते, आणि तापलेला जुना टायरच फुटतो. किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. सकाळी, गाडी थंड असताना, तेवढी भरायची. गरमीने दाब थोडा वाढतो हे कंपनीने धरलेलंच असतं. तसंच रेडिएटरचं. कूलंट महाग म्हणून बोअरचं पाणी ओततात. आपल्या बोअरच्या पाण्याने चहाच्या पातेल्यात पांढरा थर बसतो, तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसणार नाही का?

आमच्या ओळखीचा एक गॅरेजवाला एकदा म्हणाला होता, "ताई, हॉर्न बिघडला तर माणूस त्याच दिवशी येतो. ब्रेक कमी लागायला लागला तर महिनाभर जोरात दाबून बघतो." मी तेव्हा हसले होते. ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषतं, जुनं झालं की तापल्यावर त्यात वाफ धरते आणि घाटात ऐनवेळी पेडल खाली जातं, हे त्यानेच सांगितलं. साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं. खर्च लग्नातल्या एका अहेराइतका.

जर्मनीत नवी गाडी तीन वर्षांची झाली की तपासणी, मग दर दोन वर्षांनी. इंग्लंडमध्ये तीन वर्षांनंतर दरवर्षी. आपल्याकडे खाजगी गाडीला 15 वर्षं कुणी काही विचारत नाही. पीयूसी धुरापुरती. 2023 मध्ये समृद्धी महामार्गावर आरटीओवाल्यांनी टायर तपासून गोटा टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, तेव्हा "आता टायरवरून पण अडवतात!" म्हणून आपल्याच माणसांनी कुरकुर केली. मला वाटतं, अडवायलाच हवं. आणि सरकार अडवेपर्यंत घरातल्या माणसांनी अडवावं. मागच्या सीटवरच्यांनी सरळ सांगावं, आधी आकडे दाखव, मग बसते.

काम दहा मिनिटांचं आहे. चारी टायर आणि स्टेपनीवरचे आकडे वाचा. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, 1.6 मिलिमीटरचे, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. सहा वर्षांपेक्षा जुना असेल तर नक्षी असली तरी जाणत्याला दाखवा. चाकं पूर्ण वळवून आतली कड बघा. सीट कव्हरखालून पट्टे वर काढा. बस्स.

मावशीचा हात आता बराय, पण पोळी लाटताना दुखतो म्हणते. दाजींनी चारही टायर नवे टाकले. पण गार्ड अजून आहे! दाजी, हे वाचत असालच. रागावू नका, येत्या दसऱ्याला मीच लिंबं ठेवायला येते. फक्त हातात बॅटरी घेऊन येईन, आणि आधी ते गार्ड उतरवू.