संध्याकाळी जड होणारी पापणी

थॅलेसेमिया किंवा रक्ताच्या कर्करोगासाठी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेले मूल घरी आले, की घराचे सारे लक्ष ताप आणि जंतुसंसर्गाकडे लागते. ते योग्यच आहे. परंतु काही महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनीही, एक निराळीच तक्रार उद्भवू शकते. आणि ती प्रथम ध्यानात येते ती बहुधा दिवसभर घरी असणाऱ्या आजी-आजोबांच्या.

प्रत्यारोपणानंतर मुलाच्या शरीरात दात्याची प्रतिकारयंत्रणा रुजते. सायक्लोस्पोरिनसारख्या औषधांनी तिला काही काळ आवर घातलेला असतो. ही औषधे कमी होत असताना किंवा थांबल्यावर ती क्वचित मुलाच्याच मज्जासंस्थेला परके समजून तिच्यावर हल्ला चढवते.

मायस्थेनिया या विकारात मूल सकाळी टवटवीत असते. संध्याकाळी पापण्या खाली येतात, एका वस्तूच्या दोन दिसतात, पोळी चावताना जबडा थकतो, आवाज नाकातून येतो. २०२५च्या आरंभी पुण्यातील उद्रेकामुळे परिचित झालेला गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस, प्रत्यारोपणानंतरही होऊ शकतो. त्यात पायांना मुंग्या येतात, जिना चढवत नाही आणि दुर्बलता वर सरकत जाते. मज्जारज्जूला सूज आल्यास पाय लुळे पडतात, लघवी अडते.

‘अशक्तपणा असेल, चार घास पोटात गेले की बरे वाटेल,’ या समजुतीत मोलाचे दिवस जातात. शिवाय सकाळच्या ओपीडीत तीच पापणी नीट उघडी असते आणि आजीचे म्हणणे कुणाला पटत नाही. म्हणून संध्याकाळीच मोबाइलवर चित्रण करावे, वेळ लिहून ठेवावी व प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावी. हीच लक्षणे औषधांमुळे वा विषाणूंमुळेही उद्भवू शकतात. त्यांचा निवाडा एमआरआय, पाठीतील पाण्याची तपासणी आणि नसांच्या चाचण्यांनी होतो. निदानानुसार उपचारही बदलतात. जीबीएसमध्ये स्टिरॉइडचा उपयोग होत नाही. तेथे शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देतात किंवा प्लाझ्मा बदलतात.

प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेलीचा काढा प्रेमाने पाजला जातो. येथे तीच शक्ती भरकटलेली असते, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याखेरीज काढा नको. मायस्थेनिया असल्यास अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखे नेहमीचे प्रतिजैविकही दुर्बलता वाढवू शकते. दुकानातून परस्पर आणू नये.

गिळताना ठसका लागू लागला, श्वास अपुरा पडला, पायांतील बळ गेले किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे, आणि जाताना चालू औषधांची यादी सोबत घ्यावी.