तीन तारा, तीन कोपरे

गिटारवर हात बसला, आता दुसरं काहीतरी सुचवा, असं आमचे वाचक अधूनमधून म्हणतात. म्हणून या अंकात रशियाची बालालाइका. त्रिकोणी पोटाचं हे खेडवळ वाद्य वासिली आंद्रेयेव यांनी कारागिरांकडून नव्यानं घडवून घेतलं आणि १८८८ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याचा वाद्यवृंद मंचावर आणला. इतिहास आम्ही थोडक्यात आटोपलाय; भर आहे तो हातावर. नवशिक्यांनी ‘प्रिमा’ आकाराची बालालाइका घ्यावी: दोन तारा एकाच स्वरात, तिसरी त्यांच्या मध्यमात. नखी नको, तर्जनी वरखाली फिरवायची. बोट हुळहुळेल, तेवढं सोसा. (थोरली ‘कॉन्ट्राबास’ बालालाइका मात्र जमिनीवर टेकवून वाजवतात, घेण्याआधी घराचं दार मोजा!) कुणी बालालाइका छेडली असेल, तर जरूर लिहा.